ठिणगीतला भाताचा दाणा

मित्रांनो, मी एक जुना ग्राइंडर आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या एका शेडमध्ये, खिडकीखालच्या सिमेंटच्या ओट्यावर मला चार बोल्टांनी जखडून ठेवलं आहे. डावीकडे एक खरबरीत दगड, उजवीकडे एक गुळगुळीत दगड आणि मधे मोटार. रूप म्हणाल तर यथातथाच. आवाज तर विचारूच नका. मी सुरू झालो की जवळ जेवायला बसलेली माणसं डबा उचलून दुसरीकडे जातात. पण एका गोष्टीचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. मी आयुष्यात कधी खोटं बोललो नाही.

तुम्ही हसाल. ग्राइंडर कुठे बोलतो? बोलतो तर! माझ्या दगडाला पोलाद टेकवलं की ठिणग्या उडतात, आणि त्या ठिणग्यांतच त्या पोलादाची सगळी कुळकथा लिहिलेली असते. फक्त ती वाचणारं माणूस समोर लागतं. ते नसलं तर माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

माझं बिडाचं अंग कोल्हापुराकडच्या एका भट्टीत ओतलं गेलं. एक्क्याण्णव साली टेम्पोत बसून मी नाशिकला आलो. शेड होतं ज्योत्स्नाताईंचं. त्यांचे वडील ओझरच्या विमान कारखान्यात कामाला होते. घरात लहानपणापासून धातूंच्याच गप्पा, म्हणून ताई धातुशास्त्र शिकल्या आणि शिकून झाल्यावर नोकरी न धरता त्यांनी हे शेड थाटलं. इथे कनेक्टिंग रॉड बनत. म्हणजे काय, ते सांगतो. सायकल चालवताना तुमचा गुडघा वरखाली होतो आणि पायडल मात्र गोल फिरतं. या दोघांच्या मधे तुमची नडगी जे काम करते, तेच काम इंजिनात हा रॉड करतो. फरक इतकाच, की शर्यतीच्या गाडीत त्याला हे मिनिटाला सात-आठ हजार वेळा करावं लागतं. दर फेरीला तो एकदा दाबला जातो आणि एकदा ताणला जातो. तो मोडला तर इंजिनाचं पोट फाडून बाहेर येतो.

म्हणून रॉड कसल्या पोलादाचा करायचा, हा आमच्या शेडमधला सगळ्यात मोठा प्रश्न असे. आमच्याकडे मुख्यतः दोन जातींचे बार यायचे. त्यांना सगळे आठ नंबर आणि चोवीस नंबर म्हणत. आठ नंबर म्हणजे साधं, भलं पोलाद. चोवीस नंबरात निकेल, क्रोमियम आणि चिमूटभर मॉलिब्डेनम घातलेलं. डोळ्यांना दोघं सारखेच दिसतात, अगदी जुळे भाऊ. म्हणून आठ नंबरच्या बाराच्या तोंडाला पिवळा रंग लावत आणि चोवीस नंबरच्या तोंडाला निळा. तुकडा कापायचा तो नेहमी दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे रंग शेवटपर्यंत शाबूत राहतो.

सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्यात सायखेड्याचा मयूर आमच्याकडे आला. मामाच्या गॅरेजमध्ये तीन वर्षं खपून त्यानं एक जुनी गाडी रॅलीसाठी बांधत आणली होती. पोरगा उंच, केस विस्कटलेले, बोलताना सारखे हात हलवायचा.

"ताई, मला सगळ्यात कडक पोलादाचे चार रॉड पाहिजेत," तो म्हणाला. "जगात याच्यापेक्षा कडक नाही, असे."

ताई उत्तर देणार, तेवढ्यात कोपऱ्यात लोखंडाचा कीस झाडणारी मालनबाई म्हणाली, "लय कडक नगं रं बाबा. कोयत्याला लय पाणी दिलं ना, तर दगडावर लागला की दात पडत्यात त्याचं."

मयूर गोंधळून ताईंकडे बघायला लागला. ताई हसल्या. "बरोबर सांगते ती. कडकपणा नको, चिवटपणा हवा. लाखो वेळा ताणलं तरी न थकणारा. आणि तोही वरवरचा नाही, आतपर्यंत. तुझे रॉड चोवीस नंबरचे होतील."

ही मालनबाई पेठकडच्या डोंगरातली. वरई, नागली आणि भाताच्या शेतात वाढलेली. काम झाडलोटीचं, तेल-पाण्याचं. शाळा तिनं बाहेरूनच पाहिलेली. पण माझा कीस तिच्याइतक्या मायेनं कुणी झाडला नाही. दुसऱ्या कुणी फडका मारला की तो माझ्या खाचेत धूळ कोंबून जायचा. ती मात्र नखानं धूळ काढायची, आणि काढता काढता माझ्याशी बोलायची. "काय रं, आज लय वरडलास," असं म्हणायची. आता सांगा, असं माणूस कुणाला आवडणार नाही?

माझ्यावर ठिणगी वाचायचं काम होतं हिरामणदादाचं. दादा म्हणजे शेडमधला अधिकारी माणूस. नवा बार आला की खिडकीला गोणपाट लावून अंधार करायचा, बाराची कड मला हलकेच टेकवायची आणि डोळे बारीक करून बघायचं. "आठ नंबरची ठिणगी लांब जाते आणि फुटत फुटत जाते," तो सांगे. "चोवीसची जरा आखूड, तांबूस, आणि तिच्या टोकाला भाल्याचं सुटं पातं असतं. ते दिसलं की समजायचं, हा अस्सल."

मालनबाई झाडू हातात धरून हे बघत राहायची. एकदा न राहवून ती म्हणाली, "दादा, ह्यो पहिला म्हंजी नागलीचं कणीस. कशी बोटं फुटल्यात बघा. आन दुसऱ्याच्या टोकाला भाला कसला? भाताचा दाणा हाय त्यो."

"तुझं सगळं शेतातच," दादा म्हणाला. पण त्या दिवसापासून शेडमध्ये सगळे त्याला दाणाच म्हणू लागले, दादासुद्धा.

आता त्या वर्षीच्या खंडेनवमीकडे येतो. तुम्हाला माहीत आहे, दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा होते. आम्हाला घासून-पुसून लख्ख करतात, हळदीकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात. वर्षातला तो एकच दिवस, जेव्हा मला कुणी सुरू करत नाही आणि तरी सगळे माझ्याजवळ येतात. त्याआधीचे दोन दिवस ताई वडिलांकडे ओझरला गेल्या होत्या. जाताना मालनबाईला म्हणाल्या, "रॅकला चंदेरी रंग मार, फार गंजलाय."

मालनबाईनं काम असं केलं, जणू घरच्या लक्ष्मीची तयारी. सगळे बार खाली काढले, रॅक घासला, रंगवला, बार परत लावले. रंग थोडा उरला. बारांची तोंडं तर मळकट, रंगाचे ओघळ आलेली. सणाला अशी तोंडं देवापुढे कशी ठेवायची? सणाच्या नादात तिनं एकेका बाराचं तोंड पुसलं आणि त्याला प्रेमानं चंदेरी रंग लावला.

संध्याकाळी रॅक असा चमकत होता, की शेजारच्या शेडमधली माणसं बघायला आली. हिरामणदादा आला आणि जागच्या जागी उभा राहिला.

"मालन, अगं, निळे कुठले आणि पिवळे कुठले?"

तिच्या हातातला ब्रश खाली पडला. भक्ती करायला गेली आणि भलतंच होऊन बसलं. ती माझ्या ओट्याशी बसून रडू लागली. दादाला तिची दया आली. "रडू नको. ताई यायच्या आत ठिणगी बघून परत रंग लावतो. ताईंना कशाला सांगायचं?"

त्यानं गोणपाट लावलं आणि एकेक बार माझ्याकडे आणला. आणि मित्रांनो, इथे मला एक गोष्ट सांगावी लागते, जी त्या वेळी फक्त दादाला आणि मला ठाऊक होती. दादाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. अशा डोळ्याला उजेड पसरलेला दिसतो. कुठली ठिणगी फुटली, कुठल्या ठिणगीला दाणा आहे, काही कळत नाही. गेलं वर्षभर दादा कड टेकवायचा, मान डोलवायचा आणि रंग बघून सांगायचा. त्या संध्याकाळी रंग नव्हता. मग त्यानं रॅकमधली जागा बघून ठरवलं. वरच्या खणातले निळे, खालच्या खणातले पिवळे. पण मालनबाईनं बार काढून परत लावले होते, आणि त्यात खालचा एक वर गेला होता.

तो बार माझ्यावर आला तेव्हा मी जीव तोडून सांगितलं. ठिणग्यांचं झाडच्या झाड उभं केलं, फुटलेल्या कणसांचं. दादानं मान डोलवली आणि निळा रंग लावला.

मालनबाई बाजूला उभी होती. तिनं पाहिलं. मला शपथेवर माहीत आहे, तिनं पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. दादा एवढा जाणता, आणि आपण तर आधीच घोटाळा करून बसलेल्या. कुठल्या तोंडानं बोलणार?

दसरा झाला, दिवाळी झाली. मयूरच्या रॉडसाठी तुकडे कापले गेले. निळ्या रंगाचा एक बार संपत आला होता, त्यातून तीनच तुकडे निघाले. चौथा निघाला त्या चुकलेल्या बारातून. चारी तुकडे लालबुंद तापवून हातोड्याखाली ठोकले, छिलले, पुन्हा तापवून तेलात बुडवत त्यांना पाणी दिलं, घासून चमकवलं. कडकपणाची तपासणी चारांतल्या एकाच रॉडवर करायची पद्धत होती, आणि नेमका चांगला हाती लागला. हे सगळे दिवस मालनबाई माझा कीस झाडत होती, पण माझ्याशी बोलत नव्हती. मला ते फार लागलं. नंतर कळलं की ती घरीही धड जेवत नव्हती.

डिसेंबरात एका गुरुवारी मयूर रॉड न्यायला आला. रविवारी रॅली होती. येताना पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता. उरलं होतं फक्त वजन जुळवणं. एका इंजिनातल्या चारी रॉडचं वजन सारखं लागतं, ग्रॅमभराचाही फरक चालत नाही. त्यासाठी रॉडच्या खालच्या अंगाला एक छोटा उंचवटा मुद्दाम ठेवलेला असतो, तो माझ्यावर थोडा थोडा घासायचा. ताई काट्यापाशी, दादा माझ्यापाशी, मयूर त्याच्या खांद्यामागे, आणि मालनबाई तेलाचा कागद घेऊन रॉड गुंडाळायला.

पहिला रॉड. आखूड, तांबूस ठिणग्या, टोकाला दाणा. दुसरा तसाच. तिसरा तसाच.

चौथा टेकला आणि मी पुन्हा ओरडलो. खिडकीवर तसंच राहिलेल्या गोणपाटाच्या अंधारात ती कणसं मयूरच्या शर्टापर्यंत उडाली. "काय भारी दिसतंय!" तो म्हणाला. दादा मान डोलवत होता. मित्रांनो, माझ्या वाट्याला पुष्कळ कठीण पोलादं आली. पण त्या क्षणासारखं कठीण काही आलं नाही. सगळं खरं मी सांगत होतो आणि ऐकणारी एकच होती. ती बोलली तर तिचं काम जाईल आणि दादाची आयुष्यभराची पत जाईल. नाही बोलली तर रविवारी हा पोरगा त्या गाडीत बसेल.

"दादा, थांबा," मालनबाई म्हणाली.

दादानं बटण बंद केलं. माझा दगड लगेच थांबत नाही. फिरत फिरत, हळू होत थांबतो. तेवढ्यात दादा तिच्याकडे वळला.

"काय झालं?"

"ह्याला दाणा नाय."

"आहे की," दादा म्हणाला.

"नाय दादा." तिचा आवाज खाली गेला. "दसऱ्यालाबी नव्हता."

ताईंनी काट्यावरून मान वर केली. "दसऱ्याला म्हणजे?"

मालनबाईनं हातातला तेलाचा कागद घडी घालून ठेवला. "ताई, चूक माझी हाय. तुम्ही रॅक रंगवाया सांगितला, म्या बारांची तोंडंबी रंगवली. निळं-पिवळं सगळं गेलं. मंग परत रंग लावला त्यात ह्यो बार चुकला. म्या बघितलं व्हतं. बोलले नाय. दुसऱ्या कुणाची चूक नाय, माझीच."

दादाचं नावसुद्धा तिनं घेतलं नाही. दादा माझ्या ओट्याला धरून उभा होता.

"तिची नाही, ताई," तो शेवटी म्हणाला. "रंग मी लावला. मला ठिणगी दिसत नाही. वर्ष झालं."

ताईंनी तो रॉड घेतला, स्वतः मला टेकवला आणि वाकून बघितलं. मग रॉड खाली ठेवला. "मयूर, या रविवारी नाही जमणार."

मयूरचा चेहरा पडला. तीन वर्षं त्या रविवारकडे डोळे लावून बसला होता बिचारा. तो निघून गेला. पेढ्यांचा पुडा तसाच राहिला, आणि त्या दिवशी कुणी तो उघडला नाही.

प्रयोगशाळेतून चार दिवसांनी कागद आला. चौथा रॉड आठ नंबरचाच होता. तो मोडलाच असता का? मी खोटं बोलत नाही, म्हणून सांगतो, मला ठाऊक नाही. कदाचित एखादी रॅली निघालीही असती. पण थकलेलं पोलाद मोडण्याआधी निरोप धाडत नाही.

ताईंनी दोघांना समोर बसवलं. "रंग मारला, ही चूक. चूक कुणाकडूनही होते. चार रॉडांतून एकच तपासत होते, ती माझीही चूक. पण दोन महिने तुम्ही दोघं रोज माझ्यासमोर बसून चहा पीत होतात." एवढंच बोलल्या. कामावरून कुणाला काढलं नाही, पण पुढे आठवडाभर त्या दोघांशी बोलल्या नाहीत. माझ्या मते ती शिक्षा जास्त होती.

मग शेडमधले सगळे बार माझ्यावर पुन्हा तपासले गेले, आणि ते तपासले मालनबाईनं. दादा शस्त्रक्रियेला गेला. महिन्यानं आला तो काळा चष्मा लावून, थेट माझ्याकडे. "मालन, बार धर." तिनं चोवीस नंबरचा बार टेकवला. दादानं चष्मा काढला आणि बघत राहिला.

"केवढा स्वच्छ दिसतोय गं दाणा," तो म्हणाला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला.

"दादा, डॉक्टरनी डोळं चोळू नका सांगितलंय," मालनबाई म्हणाली.

मयूर जानेवारीत आला. नवा रॉड चोवीस नंबरचा होता. मार्चमधल्या रॅलीत त्याचा अकरावा नंबर आला. अकरावा म्हणजे काही मोठा पराक्रम नव्हे, पण परत येऊन त्यानं पहिला पेढा मालनबाईच्या हातावर ठेवला आणि दुसरा माझ्या मोटारीवर. मुंग्या झाल्या. मला चालल्या.

तो चुकीचा रॉड ताईंनी माझ्या वरच्या भिंतीवर खिळ्याला टांगला. दर खंडेनवमीला त्यालाही हळदीकुंकू लागायचं. आणि बारांची तोंडं निळी-पिवळी रंगवायचं काम त्या वर्षापासून एकट्या मालनबाईचं झालं. तिथे दुसऱ्या कुणाचा ब्रश गेला की ती अंगावर धावून जायची.

दिवस कुणासाठी थांबत नाहीत. दोन हजार चार साली ताईंनी एक तपासणी यंत्र आणलं. पांढरं, पेटीसारखं, थंड हवेत बसणारं. पोलादाचा तुकडा त्याच्यापुढे धरला की कशात काय किती आहे, ते क्षणात कागदावर येतं. आधी मी त्याच्यावर जळलो. मग मान्य केलं, की तेही खोटं बोलत नाही. हळूहळू माझ्याकडे पेचकस, छिन्न्या आणि कुणाच्या तरी चपलेचा खिळा एवढंच येऊ लागलं. माझ्या खाचांत धूळ साचली. दादा निवृत्त झाला. फक्त मालनबाई जाता जाता नख फिरवून जायची.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात तीही निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी ताईंनी विचारलं, "मालनबाई, काय देऊ तुला? संकोच करू नको."

तिनं भिंतीकडे बोट केलं. "त्यो रॉड द्या."

"अगं, त्याचं काय करणार?"

"दहा वरसं टांगून ठिवलाय गरिबाला. पोलाद काय वाईट नव्हतं, ताई. म्या चुकीच्या जागी घातलं व्हतं."

ती रॉड पिशवीत घालून पेठच्या बसला गेली. भिंतीवर खिळा तेवढा राहिला. मला वाटलं, आपलीही गोष्ट इथे संपली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रांना तेलाचा थेंब द्या, धूळ पुसा, हे मी सांगायला नको. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. तुमच्या आसपास असं पुष्कळ काही असतं, ज्याला तोंड नाही. ते आपल्या परीनं सांगत असतं. तुम्हाला ते दिसलं, तर समोरचा कितीही जाणता असो आणि चूक तुमची स्वतःची असो, 'थांबा' म्हणायला लाजू नका. उशिरा म्हटलं तरी चालेल. मालनबाईनं दोन महिने उशिरा म्हटलं.

त्याच वर्षीच्या खंडेनवमीला पूजा आटोपली, आणि दारात मालनबाई उभी. बरोबर हिरामणदादा, हातात काठी. तिनं पदराखालून एक विळा काढला. काळसर, अजून धार न लावलेला. पेठच्या लोहारानं त्या रॉडचा घडवला होता. डोंगरात नागली कापणीला येत होती.

"पूजेच्या दिवशी यंत्र चालवत नाहीत गं," दादा म्हणाला.

"ह्याचं चालतंय," ती म्हणाली. तिनं नखानं माझी खाच साफ केली, खिडकीला गोणपाट लावलं आणि बटण दाबलं. झेंडूची माळ तशीच गळ्यात असताना मी फिरू लागलो. विळ्याची कड टेकली. लांब, पिवळ्या, फुटत जाणाऱ्या ठिणग्या उडाल्या, नागलीची कणसंच कणसं. टोकाला कुठेही दाणा नव्हता, आणि या वेळी कुणी 'थांबा' म्हटलं नाही.